जन्मजात काचबिंदूवरील शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन फलित : खानदेशातील भाषाव्यवहाराच्या अंगाने

१. विषयप्रवेश

मराठीत डोळ्यांच्या आकाराविषयी जी विशेषणे रूढ आहेत ती बहुतेक स्तुतिपर आहेत. तान्ह्या मुलाचे डोळे टपोरे आहेत, पाणीदार आहेत, असे कोणी म्हटले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात सौंदर्याखेरीज दुसरी कल्पना येत नाही. परंतु नेत्रवैद्यकात एक विकार असा आहे की, त्याची दोन ठळक लक्षणे ह्याच विशेषणांनी शब्दशः सांगता येतात. त्यात डोळा प्रमाणाबाहेर मोठा होतो आणि त्यातून सारखे पाणी वाहते. जन्मजात काचबिंदू हा तो विकार होय. तो वेळीच ओळखला गेला नाही तर मुलाची दृष्टी कायमची जाते. ओळखला गेला तर शस्त्रक्रिया हाच त्यावरील मुख्य उपाय आहे.

शस्त्रक्रियेनंतर पाच, दहा किंवा वीस वर्षांनी त्या मुलाच्या दृष्टीचे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा वाटतो. वास्तविक पाहता ते फलित शल्यतज्ज्ञाच्या हातोटीइतकेच आणखी तीन गोष्टींवर अवलंबून असते : मूल किती लवकर आणले गेले, त्याला पुन्हा पुन्हा तपासणीसाठी आणले गेले की नाही, आणि चष्मा, पट्टी, थेंब ह्यांचा उपचार घरी किती नेटाने चालला. ह्या तिन्ही गोष्टी शस्त्रक्रियागृहाबाहेर घडतात. आणि त्या घडवून आणण्याचे साधन बोलणे हेच असते. डॉक्टर आईवडिलांशी काय बोलतात, घरातील वडीलधारी माणसे त्याचा काय अर्थ लावतात, रूढ शब्द कोणती समजूत आधीच करून ठेवतात, ह्यांचा विचार म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात जळगाव आणि धुळे ह्या दोन जिल्ह्यांतील भाषिक परिस्थिती समोर ठेवून तो केला आहे.

२. विकाराचे स्वरूप

डोळ्याच्या पुढील भागात एक पारदर्शक द्रव सतत तयार होत असतो. त्याला नेत्रजल म्हणतात; अश्रूंशी त्याचा संबंध नाही. बाहुलीच्या मागे निर्माण होणारे हे नेत्रजल बाहुलीतून पुढे येते. डोळ्याचा पुढचा काचेसारखा पडदा, म्हणजे स्वच्छमंडल, आणि त्यामागचा रंगीत पडदा जेथे मिळतात, तेथे एक कोन होतो. ह्या कोनातील सूक्ष्म जाळीतून नेत्रजल गाळले जाते आणि एका बारीक नलिकेवाटे रक्तात मिसळते. गर्भावस्थेत ह्या भागाची वाढ अपुरी राहिली तर निचरा अडतो. निर्मिती मात्र चालूच राहते. परिणामी डोळ्यातील दाब वाढतो.

प्रौढ माणसाच्या डोळ्याचे बाह्य आवरण ताठर असते. तान्ह्या मुलाचे ते लवचीक असते, आणि ही लवचीकता साधारण तीन वर्षांपर्यंत टिकते. त्यामुळे वाढत्या दाबाखाली मुलाचा डोळा फुग्यासारखा मोठा होत जातो. नवजात बालकाच्या स्वच्छमंडलाची रुंदी सुमारे १० मिलिमीटर असते. पहिल्या वर्षात ती १२ मिलिमीटरहून अधिक भरली तर काचबिंदूची शंका घेतलीच पाहिजे. ताणामुळे स्वच्छमंडलाचा आतील पापुद्रा जागोजाग चिरतो, त्यात पाणी शिरते आणि बुबुळ ढगाळ दिसू लागते. मुलाला उजेड सहन होत नाही. ते डोळे घट्ट मिटून घेते किंवा आईच्या कुशीत तोंड लपवते. ह्या सर्व काळात डोळ्याच्या मागील बाजूस दृक्तंत्रिकेचे तंतू दाबाने मरत असतात, आणि मेलेले तंतू पुन्हा वाढत नाहीत.

हा विकार विरळा आहे. पाश्चात्त्य देशांत सुमारे १०,००० जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. आंध्र प्रदेशात झालेल्या पाहणीवरून तेथे ते ३,३०० जन्मांमागे एक इतके धरण्यात आले. बहुधा दोन्ही डोळे ग्रस्त असतात. 'जन्मजात' ह्या शब्दाने तो प्रसूतीच्या दिवशीच उघड दिसेल अशी समजूत होते. प्रत्यक्षात दोष जन्मतः असला तरी लक्षणे पुष्कळदा पुढील काही महिन्यांत, बहुतेक मुलांत पहिल्या वर्षाच्या आत प्रकट होतात. 'जन्माच्या वेळी डोळे चांगले होते' ह्या विधानाने म्हणूनच काहीही सिद्ध होत नाही.

३. विलंबाचे तीन शब्द

शस्त्रक्रियेच्या फलितावर पहिला परिणाम करणारी गोष्ट म्हणजे विलंब. हा विलंब केवळ अज्ञानाने किंवा अंतराने होत नाही. रूढ शब्दही त्याला हातभार लावतात. असे तीन शब्दप्रयोग विशेष विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला 'टपोरे डोळे'. मोठ्या डोळ्यांची स्तुती ही केवळ मराठीची रीत नव्हे. संस्कृतात विशालाक्षी आणि मृगाक्षी आहेत. होमरच्या महाकाव्यांत हीरा ह्या देवीला गाईच्या डोळ्यांची असे गौरवाचे विशेषण आहे. विशेष हे की, दाबाने मोठ्या झालेल्या डोळ्याला पाश्चात्त्य वैद्यकाने जे नाव दिले, त्या 'बुफ्थॅल्मॉस' शब्दाचाही अर्थ बैलाचा डोळा असाच आहे. एकाच उपमेने एका ठिकाणी सौंदर्य आणि दुसऱ्या ठिकाणी रोग सांगितला गेला. घरात मात्र पहिलाच अर्थ जागा असतो. मुलाच्या डोळ्यांचे कौतुक होते, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली जाते, आणि दाब वाढतच राहतो. एकच डोळा मोठा असेल तर फरक नजरेत भरतो. दोन्ही सारखेच मोठे असतील तर तुलनेला काही उरत नाही.

दुसरा शब्दप्रयोग 'डोळे येणे'. मराठीत डोळे 'येतात' तेव्हा रोग होतो आणि डोळे 'जातात' तेव्हा दृष्टी संपते. हा मोठा चमत्कारिक वाक्प्रचार आहे. आलेले डोळे चार-आठ दिवसांत आपोआप बरे होतात हा सर्वांचा अनुभव असल्यामुळे पाणी वाहणारा आणि उजेडाला मिटणारा डोळा ह्याच वर्गात घातला जातो. शिवाय तान्ह्या मुलात अश्रुमार्ग तुंबल्यामुळेही पाणी वाहते, आणि ते बहुधा वर्षाच्या आत थांबते. तेव्हा 'पाणी येते' एवढ्यावरून निर्णय होऊ शकत नाही. पाण्याबरोबर उजेडाची भीती आहे काय, बुबुळ मोठे किंवा ढगाळ आहे काय, हे विचारणे अगत्याचे आहे. ढगाळ बुबुळ दिसले तरी 'डोळ्यात फूल पडले' असे म्हणून समाधान मानले जाते. फूल हा शब्द जुन्या जखमेच्या वणासाठी वापरला जात असल्याने त्यात घाई करण्यासारखे काही सूचित होत नाही.

तिसरा शब्द 'काचबिंदू' हा स्वतःच आहे. मोतीबिंदूशी असलेल्या त्याच्या रूपसाम्यामुळे दोन्ही एकाच जातीचे विकार आहेत असा समज होतो. ह्या गोंधळाला मोठा इतिहास आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आणि वाग्भटाच्या ग्रंथात 'काच' ही संज्ञा दृष्टिमांद्याच्या संदर्भात येते. ती आजच्या मोतीबिंदूला अधिक जवळची आहे. ग्रीकांचा 'ग्लॉकोमा' हा शब्दही निळसर-हिरवट रंगाच्या वाचक शब्दापासून बनला असून शतकानुशतके तो मोतीबिंदूशी मिसळलेला होता. अठराव्या शतकाच्या आरंभी मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंगाचा अपारदर्शकपणा हे निश्चित झाल्यावर दोन्ही संज्ञा हळूहळू वेगळ्या झाल्या. हिंदीतील 'काला मोतिया' ह्या नावात ते जुने नाते अजूनही दिसते.

ह्या साम्याचा घातक भाग क्रियापदात आहे. मोतीबिंदू 'पिकतो', आणि तो पिकेपर्यंत थांबावे ही जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातील समजूत वृद्धांच्या बोलण्यात अद्याप टिकून आहे. काचबिंदू पिकत नाही. त्यात थांबण्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूत भिंग बदलून दृष्टी पुन्हा मिळवता येते. काचबिंदूत उरलेली दृष्टी राखता येते, एवढेच. नातवाच्या डोळ्यात 'बिंदू' आहे असे ऐकून आजोबांनी स्वतःच्या मोतीबिंदूच्या अनुभवावरून सल्ला दिला तर त्यांचा हेतू चांगला असूनही परिणाम उलटा होतो.

४. शस्त्रक्रियेची वाटचाल

विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसाव्याअखेरपर्यंत ह्या मुलांचे भवितव्य जवळजवळ ठरलेले होते. प्रौढांच्या काचबिंदूसाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया मुलांत फारशा उपयोगी पडत नसत. हे चित्र सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ ऑटो बार्कन ह्यांनी पालटले. कोनाचा भाग विशेष भिंगातून प्रत्यक्ष पाहून, बारीक सुरीने तेथील अडसर छेदण्याची पद्धत त्यांनी १९३० नंतरच्या दशकात विकसित केली आणि १९४२ मध्ये जन्मजात काचबिंदूवरील तिचा उपयोग मांडला. ह्या कोनछेदनाला गोनिऑटॉमी म्हणतात. तिची एक अट आहे : सुरीचे टोक दिसण्याइतके स्वच्छमंडल पारदर्शक असले पाहिजे.

ढगाळ बुबुळाच्या मुलांसाठी दुसरा मार्ग १९६० मध्ये निघाला. लंडनचे रेडमंड स्मिथ आणि अमेरिकेतील आयोवा येथील हर्मन ब्यूरियन ह्यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे बाहेरच्या बाजूने निचऱ्याची नलिका शोधून, तिच्यातून जाळी उघडण्याची पद्धत सांगितली. हे जाळीछेदन, म्हणजे ट्रॅबेक्युलॉटॉमी. १९६८ मध्ये केंब्रिज येथील केर्न्स ह्यांनी ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही पद्धत मांडली. तिच्यात जाळीचा लहान तुकडा काढून नेत्रजलाला डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखाली नवी वाट करून दिली जाते.

भारतात मूल डॉक्टरांकडे पोहोचते तेव्हा पुष्कळदा बुबुळ ढगाळ झालेले असते. त्यामुळे कोनछेदनाला वाव राहत नाही. अशा मुलांसाठी वरील दोन पद्धती एकाच वेळी योजण्याचा मार्ग येथे विशेष रूढ झाला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. अनिलकुमार मंडल ह्यांनी ह्या संयुक्त शस्त्रक्रियेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यांना २००३ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

५. फलिताचे गणित आणि 'झाले' हे क्रियापद

जन्मापासून सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मुलांविषयी हैदराबादच्या ह्या गटाने २००४ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला तो ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिल्या वर्षाअखेर शंभरांपैकी नव्वदांहून अधिक डोळ्यांत दाब आटोक्यात राहण्याची शक्यता दिसली. प्रत्येक वर्षागणिक हे प्रमाण उतरत गेले, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास ते साठ-पासष्टांच्या घरात आले. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि दोन्ही एकाच शस्त्रक्रियेचे आहेत. पहिला आकडा ऐकणारा आनंदित होऊन घरी जाईल; दुसरा ऐकणारा पुढच्या तपासणीची तारीख विचारील.

उतरत्या प्रमाणाची कारणे शरीराच्या स्वाभाविक व्यापारांत आहेत. शस्त्रक्रियेने केलेली नवी वाट ही शरीराच्या लेखी एक जखम असते, आणि जखम भरून काढणे हा शरीराचा धर्म आहे. मुलांत हा धर्म अधिक प्रबळ असल्याने वाट बुजण्याचा संभव अधिक असतो. दाब पुन्हा वाढला तर थेंब, दुसरी शस्त्रक्रिया किंवा निचऱ्यासाठी झडपेची नळी बसवणे हे उपाय असतात, आणि ते वेळेवर केले तर पुष्कळदा लागू पडतात. परंतु वाढलेला दाब मुलाला दुखून सांगत नाही. तीन वर्षांनंतर तर डोळाही आणखी मोठा होत नाही. शाळेत जाणाऱ्या, खेळणाऱ्या मुलाचा दाब गुपचूप वाढलेला असू शकतो, आणि हे शस्त्रक्रियेनंतर दहा-वीस वर्षांनीही घडू शकते. म्हणून तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

अशा अहवालांतील टक्केवारी 'टिकाव-विश्लेषण' नावाच्या पद्धतीने काढली जाते. कॅप्लान आणि मायर ह्यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या ह्या पद्धतीत जी मुले तपासणीला यावयाची थांबतात ती त्या क्षणापासून गणितातून बाजूला होतात. ती यशात धरली जात नाहीत, अपयशातही नाहीत. पद्धत म्हणून हे निर्दोष आहे. मात्र जी मुले येत नाहीत त्यांची स्थिती येणाऱ्यांसारखीच आहे, हे त्यात गृहीत असते. दूरच्या खेड्यातील मुलाच्या बाबतीत हे गृहीतक कितपत खरे ठरेल, ह्याचा विचार वाचकानेच करावा.

येथे भाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. 'ऑपरेशन झाले' हे वाक्य मराठीत पूर्ण झालेली क्रिया सांगते. लग्न झाले, पेरणी झाली, परीक्षा झाली, त्याच सुरात ऑपरेशन झाले. जे झाले ते संपले. 'यशस्वी झाले' असे म्हटले की समाप्तीचा अर्थ अधिकच दृढ होतो. ह्या विकारातील यश मात्र क्रियेच्या पूर्ततेत नसून अवस्थेच्या टिकण्यात आहे. त्याला 'झाला' हे रूप शोभत नाही. 'आहे' आणि 'राहिला आहे' ही रूपे लागतात. 'दाब आज आटोक्यात आहे' ह्या वाक्यात 'उद्या आहे का ते पाहावे लागेल' हा अर्थ गर्भित असतो. 'मूल बरे झाले' ह्या वाक्यात तो नसतो.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. लहान मुलाच्या डोळ्याचा दाब नीट मोजण्यासाठी पुष्कळदा त्याला भूल द्यावी लागते. भूल दिली म्हणजे ऑपरेशन, आणि पुन्हा ऑपरेशन म्हणजे पहिले फसले, असे अनुमान घरात काढले जाते. ही केवळ मोजणी आहे, हे आधी सांगितले नाही तर दुसऱ्या खेपेला मूल येत नाही.

६. दिसणे आणि पाहणे

दाब आटोक्यात राहिला तरी दृष्टी उत्तम राहीलच असे नाही. वर उल्लेखिलेल्या अहवालातही चांगली दृष्टी राखू शकलेल्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. ह्याचे कारण समजून घेण्यास मराठीतील दोन क्रियापदे उपयोगी पडतात.

'मुलाला दिसते' आणि 'मूल पाहते' ह्या दोन वाक्यांची रचना भिन्न आहे. पहिल्यात मूल चतुर्थीत आहे. दिसणे त्याला घडते. दुसऱ्यात मूल कर्ता आहे. पाहणे ते करते. अहिराणीतही हा भेद आहे. तेथे 'ला' ह्या प्रत्ययाऐवजी 'ले' येतो, आणि 'पोऱ्याले दिखस' ह्या रचनेत पोरगा अनुभव घेणारा असतो. शस्त्रक्रिया दिसण्याची शक्यता राखते. पाहणे मात्र मेंदूला शिकावे लागते, आणि ते शिकण्याचा काळ ठरलेला असतो.

जन्मानंतरच्या पहिल्या सात-आठ वर्षांत दोन्ही डोळ्यांकडून स्पष्ट प्रतिमा मिळत राहिली तरच मेंदूतील दृष्टिकेंद्र नीट घडते. ह्यूबेल आणि वीझेल ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात मांजरीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून हे तत्त्व पुढे आले. त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भाषेच्या विद्यार्थ्यांना ह्याची तुलना सहज सुचेल. लेनेबर्ग ह्यांनी १९६७ मध्ये भाषासंपादनाच्या निर्णायक काळाची जी कल्पना मांडली, तिचे दृष्टीच्या क्षेत्रातील हे भावंड होय. कानावर भाषा न पडता वाढलेल्या मुलाला पुढे भाषा शिकवणे जसे दुष्कर, तसेच धूसर प्रतिमेवर वाढलेल्या डोळ्याला नंतर पाहावयास लावणे दुष्कर.

काचबिंदूने मोठा झालेला डोळा बहुधा लघुदृष्टीचा होतो. स्वच्छमंडलावरील वणांमुळे प्रतिमा वाकडी पडते. दोन डोळ्यांच्या शक्तीत अंतर असेल तर मेंदू अधूऱ्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. त्याला मंददृष्टी म्हणतात. ह्यावर उपाय म्हणजे तान्हेपणापासून योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर दिवसाचे काही तास पट्टी. चांगला डोळा झाकून अधू डोळ्याला कामाला लावावयाचे, ही गोष्ट घरच्यांना उलटी वाटणे स्वाभाविक आहे. 'दिसणारा डोळा कशाला बांधता?' ह्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते : त्या डोळ्याला दिसते, ह्या डोळ्याला पाहायला शिकवायचे आहे. वर्षाच्या मुलाला चष्मा लावण्याविषयीचा संकोचही ह्याच उत्तराने कमी होऊ शकेल.

ज्यांची दृष्टी अंशतःच उरते त्यांच्यासाठीही शब्दाची निवड महत्त्वाची आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अंधत्व आणि क्षीणदृष्टी ह्या दोन निराळ्या अवस्था मानल्या आहेत. व्यवहारात मात्र 'दिसते' आणि 'दिसत नाही' ह्यांच्यामध्ये तिसरा शब्द सहसा वापरला जात नाही. पहिल्या बाकावर बसवून, मोठ्या अक्षरांची पुस्तके देऊन शिकू शकणारे मूल 'आंधळे' ह्या एका शब्दामुळे शाळेबाहेर राहू शकते.

७. दोष आणि नाते

ह्या विकाराशी संबंधित 'सीवायपी-१-बी-१' नावाचे जनुक १९९७ मध्ये ओळखले गेले. सर्व नव्हे, परंतु बऱ्याच रुग्णांत त्यातील बदल कारणीभूत असतात. तो बदल आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच विकार प्रकट होतो; एकाकडूनच आला तर व्यक्ती निरोगी राहते. असे दोन निरोगी वाहक पतिपत्नी असतील तर प्रत्येक गर्भारपणात विकाराची शक्यता चारांत एक असते. जवळच्या नात्यातील विवाहात दोघेही एकच बदल वाहत असण्याचा संभव वाढतो.

इरावती कर्वे ह्यांनी १९५३ मधील आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण भारतातील विवाहपद्धतींमधील संधिप्रदेश असल्याचे दाखवले. मामाच्या मुलीशी विवाह येथील अनेक समाजांत मान्य होता. सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणण्याच्या रीतीत त्या नातेव्यवस्थेची खूण भाषेने जपून ठेवली आहे. डॉक्टरांनी 'नात्यात लग्न आहे का?' असे विचारल्यास नकारार्थी उत्तर येण्याचा संभव असतो, कारण मामाचे घर हे अनेकांच्या लेखी 'नात्यातले' म्हणण्याइतके वेगळे नसते. 'मुलाची आजी आणि आजोबा कोणत्या घरचे?' असे विचारत गेल्यास माहिती अधिक नीट मिळेल.

नात्याबाहेरील विवाहातही हा विकार आढळतो, हे त्याबरोबरच सांगितले पाहिजे. 'जनुकीय दोष' ह्या संज्ञेतील 'दोष' शब्द मराठी कानाला अपराधासारखा ऐकू येतो, आणि तो अपराध बहुधा आईच्या माथी जातो. गरोदरपणी ग्रहण पाहिले असे कारण सांगितले जाते. 'दोष'ऐवजी 'बदल' म्हणावे, तो दोघांकडून आला असे म्हणावे, आणि पुढील भावंडाचे डोळे जन्मल्याबरोबर तपासून घ्यावेत असे सांगावे. ह्या शेवटच्या वाक्याचे मोल फार आहे. मोठ्या भावामुळे धाकट्या बहिणीचा विकार पहिल्या महिन्यातच सापडला तर तिचे दीर्घकालीन फलित निराळे असू शकते.

८. खानदेशातील परिस्थिती

जुना खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. पुढे १९६० मध्ये त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निराळा निघाला. भाषेच्या दृष्टीने हा प्रदेश एकजिनसी नाही. ग्रियर्सन ह्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषासर्वेक्षणाच्या खंडात खानदेशीची नोंद भिल्ली बोलींच्या समवेत केली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक लोक होते. तापीच्या काठी यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि भिल्ली, सर्वत्र शाळेची प्रमाण मराठी, अशी ही वस्ती आहे. प्रमाण मराठीतील 'डोळा' अहिराणीत 'डोया' होतो. फरक एका वर्णाचा आहे, परंतु छापील पत्रक आणि घरातील बोलणे ह्यांमधील अंतर त्यावरून लक्षात येते.

धुळे येथे १९८९ पासून आणि जळगाव येथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विकाराची शंका घेऊन मूल योग्य ठिकाणी पाठवण्याचे काम येथेच होऊ शकते. मुलांच्या काचबिंदूवरील विशेष शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरातील नेत्रसंस्थेत जावे लागले तर अंतर लहान नसते. जळगावाहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे. ऑपरेशनसाठी हा प्रवास एकदा करणे आणि दाब मोजण्यासाठी तो वर्षानुवर्षे करणे, ह्यांत मोठा फरक आहे. कापूस वेचणीच्या हंगामात मजुरी बुडवून जाण्यासाठी 'मूल बरे झाले आहे' ह्या समजुतीपेक्षा अधिक बळकट कारण मनात असावे लागते.

पहिली शंका घेणारी व्यक्ती मात्र गावातच असते. नवजात बालकाच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात आशा कार्यकर्ती तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी घरी येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ सूचीत जन्मजात मोतीबिंदूचा समावेश होता. जन्मजात काचबिंदूचे स्वतंत्र नाव तीत नव्हते. तेव्हा हा विकार नजरेस येण्यासाठी सूचीतील नावापेक्षा प्रश्नांचा उपयोग अधिक. बाळ उजेडात डोळे मिटून घेते का? बुबुळ फार मोठे किंवा धुरकट दिसते का? पुवाशिवाय नुसते पाणी येते का? हे तीन प्रश्न घरच्या बोलीत विचारता येतात, आणि त्यांना कोणत्याही पारिभाषिक संज्ञेची गरज नाही.

९. समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, जन्मजात काचबिंदूवरील शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन फलित हे एका दिवसाच्या घटनेचे फळ नसून वर्षानुवर्षे राखावयाची अवस्था आहे, आणि ती राखण्यास घरी बोलली जाणारी भाषा साह्य किंवा अडथळा करते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ह्यात कामाला पुष्कळ वाव आहे. अहिराणी, लेवा, पावरी आणि भिल्ली ह्या बोलींतील डोळा, दृष्टी, उजेड आणि आंधळेपण ह्यांविषयीचे शब्द व वाक्प्रचार तालुकावार गोळा करावेत; कोणत्या शब्दाने घाई सूचित होते आणि कोणत्याने थांबणे, ह्याची नोंद करावी. असा संग्रह दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांच्या नेत्रविभागांना आणि आशा कार्यकर्तींच्या प्रशिक्षकांना उपयोगी पडेल.

दरम्यान रुग्णालयातून घरी जाताना दिल्या जाणाऱ्या कागदावर चार वाक्ये तरी असावीत. ऑपरेशन झाले आहे, आजार संपलेला नाही. दाब आज आटोक्यात आहे, तो तसाच आहे का हे अमुक तारखेला पाहायचे आहे. चष्मा आणि पट्टी हा ऑपरेशनचाच पुढचा भाग आहे. पुढचे भावंड झाले की त्याचे डोळे पहिल्याच आठवड्यात दाखवावेत. हीच चार वाक्ये घरच्या बोलीत एकदा मोठ्याने वाचून दाखवली, आणि आईने ती आपल्या शब्दांत परत सांगितली, म्हणजे कागदाचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.